बत्तीच्या स्पिरिटातले पाणी

माझ्या नोकरीविषयी मला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला साताऱ्याच्या माझ्या आत्याबाईंचा : "तुला ती चाखून बघावी लागते का गं?" दुसरा पुरुषमंडळींचा, ते तो तोंडाने विचारत नाहीत, नुसते एकमेकांकडे पाहून हसतात. दोघांनाही माझे उत्तर एकच आहे. मी दारू चाखत नाही. मी ती तोलते.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी पुण्याहून परतले, तेव्हा शाळेत शिकवावे असा घरच्यांचा आग्रह होता. मला प्रयोगशाळा हवी होती, आणि खरे सांगायचे तर मुंबईची मोठी सरकारी प्रयोगशाळा हवी होती. मिळाली ती सांगलीतील दोन खोल्यांची परीक्षणशाळा : एक तराजू, एक ऊर्ध्वपातनाचे काचपात्र, आणि लाखेच्या मोहोरा लावलेल्या बाटल्यांनी भरलेले कपाट. दारूबंदी दाराशी येऊन ठेपली होती, तरी अजून आत आलेली नव्हती. परवान्याची दारू होती, बिनपरवान्याची होती, आणि कोणती कोणत्या जातीची हे सांगणे हे माझे काम होते.

या कामातील मुख्य हत्यार म्हणजे मद्यार्कमापक. काचेची पोकळ नळी, बुडाशी शिसे भरलेली. द्रवात सोडली की उभी तरंगते. पाण्यात ती बरीच वर राहते. द्रवात मद्यार्क जितका अधिक, तितकी खोल जाते. नळीवरच्या रेघा वाचायच्या, द्रवाचे उष्णतामान पाहायचे, कोष्टकाशी ताडायचे, झाले. आमचे जमादार बाबालाल मुलाणी तिला 'बाईंचा भोवरा' म्हणत. जमादार मिरजेचे, त्यांचे थोरले भाऊ तंबोरे बनवीत. त्यामुळे लाकूड, लाख आणि स्पिरिट या तिन्ही गोष्टींचा वास त्यांना अंधारातही ओळखू येई. माझ्यासारख्या मुलीच्या हाताखाली काम करावे लागते याचे त्यांना पहिले पंधरा दिवस वाईट वाटले. नंतर ते इतरांना सांगू लागले, "आमच्या बाईसाहेबांस्नी लाच देता येत न्हाई. देनाराच घाबरतो, काय द्यावं म्हनून."

संस्थान विलीन झाले आणि आमच्यावर एक वेगळेच काम आले. तोपर्यंत या भागात कायद्याची गोधडी होती. ओढ्याच्या अलीकडे संस्थानी मुलूख, पलीकडे इंग्रजी, आणखी दोन कोसांवर तिसऱ्याच राजाचा अंमल. तमाशाची कनात अलीकडच्या काठावर लागे आणि दारूचे पाल पलीकडच्या काठावर. प्रेक्षक मध्यंतरात ओढा ओलांडून जात आणि परत येताना त्यांतले काही ओढ्यातच बसून राहत. आता सगळीकडे एकच कायदा व्हायचा होता. तमाशा, तंबूतला सिनेमा, कुस्तीचा फड, जत्रेचे मैदान, साहेबी क्लब अशा सर्व करमणुकीच्या ठिकाणांसाठी मद्याचे नवे नियम बांधायचे होते. ते बांधण्याचे काम आमच्या खात्याचे वरिष्ठ अधिकारी कर्णिकसाहेब यांच्याकडे आले आणि त्यांनी शास्त्रीय सल्ल्यासाठी मला बरोबर घेतले.

ते काही महिने मजेचे गेले, हे कबूल केले पाहिजे. एका थंड हवेच्या ठिकाणच्या क्लबाचे चिटणीस येऊन दीड तास बसले आणि आमचा क्लब करमणुकीसाठी नसून प्रकृतीसाठी आहे, असे त्यांनी मला कागदोपत्री पटवण्याचा प्रयत्न केला. तंबूतल्या सिनेमाच्या एका मालकाने लेमनच्या बाटल्या पाठवल्या, त्यांतल्या निम्म्यांत भोवरा असा खाली गेला की जमादार म्हणाले, "बाईसाहेब, हे लेमन पिऊन पडदा सरळ दिसायचा न्हाई." एक वस्ताद आपल्या तालमीतील थंडाईचा तांब्या स्वतःच घेऊन आले. कोणी संशय घेण्याआधी तपासून घ्या, म्हणाले. तपासली. बदाम आणि खसखस यांखेरीज तीत काही नव्हते. वस्तादांनी तसा दाखला मागितला आणि माझ्या माहितीप्रमाणे तो आजही तालमीत मारुतीच्या तसबिरीखाली लावलेला आहे.

कर्णिकसाहेब कायद्याचे पंडित होते. त्यांच्या मसुद्याचा कणा एका कलमात होता : कनातीच्या आत मद्य सापडले तर खेळाचा परवाना त्या हंगामापुरता रद्द. दंड नको, कारण दंड दारूवाला भरतो आणि पुन्हा पाल लावतो. परवाना गेला तर फडमालकालाच झळ लागते, मग तो स्वतः पहारा करतो. युक्तिवाद स्वच्छ होता. मसुद्यात 'मद्यार्क असलेला कोणताही द्रव' असे शब्द होते. मी विचारले, "मग बत्ती कशाने पेटवायची?" साहेबांच्या घरी विजेचे दिवे होते. तमाशात उजेड असतो तो गॅसबत्तीचा. आणि गॅसबत्ती आगपेटीच्या काडीने सरळ पेटत नाही. तिच्या नळीभोवतीच्या वाटीत आधी स्पिरिट जाळावे लागते, नळी तापावी लागते, तेव्हा कुठे रॉकेलची वाफ होते आणि जाळी पांढरी झगझगीत होते. साहेब हसले, म्हणाले, "घाला पोटकलम." ते पोटकलम मी लिहिले : बत्तीपुरते स्पिरिट एका बाटलीत, फड उतरताच जमादाराच्या समक्ष मोजलेले, आणि जत्रा संपेपर्यंत केव्हाही पुन्हा मोजता येईल असे. ताकद घटलेली आढळली तर कनातीत मद्य सापडले असे समजावे. कारण उघड होते. स्पिरिट कोणी प्यायले तर ते लपवण्यासाठी बाटलीत पाणीच भरणार.

कच्चे नियम एका हंगामापुरते लागू करून पाहायचे ठरले. मिरजेच्या पूर्वेला, जतच्या वाटेवर एका गावची जत्रा होती. तिथे आम्ही पहिल्या दिवशी सगळ्या कनातींतल्या बाटल्या मोजून गेलो होतो. तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, पुन्हा तपासायला गेलो.

तो मुलूख कोरडा. मैलोगणती ज्वारीची धसकटे, मेंढरांचे कळप, आणि त्या मोकळ्या रानात जत्रेची एकच गर्दी. निम्मे लोक कानडीत भांडत होते आणि निम्मे मराठीत मिटवत होते. पूर्वी मैदानाच्या कडेला दारूचे परवान्याचे पाल असे. नव्या नियमाने ते या वर्षी नव्हते. तेवढ्या एका गोष्टीचे मला समाधान वाटत होते.

शेवंताबाई आरगकरांची कनात सर्वांत मोठी होती. शेवंताबाई चाळिशीच्या, आवाज घागरीतून यावा तसा भरदार. पहिल्या दिवशी त्यांनी माझी चौकशी करून घेतली होती : बापाचे नाव, शिक्षण, लग्न का नाही. शेवटी निवाडा दिला होता, "बरं हाय. आमच्यासारकंच. मानसं बघत्यात आन् आपुन आपलं काम करायचं." त्यांचा धाकटा भाऊ विठू फडात ढोलकी वाजवी. ढोलकीच्या तोंडावर बोटे ठेवून तो जणू कोणाच्या पाठीवरून हात फिरवतो आहे असे वाटे, इतका हळुवार. फडाचे पुढचे मुक्काम ठरलेले होते आणि सगळ्यांची नजर म्हसवडच्या रथाच्या जत्रेवर होती. वर्षाची भाकर तिथेच मिळते, असे शेवंताबाई म्हणाल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा कनातीबाहेर लोक दाटले होते आणि आत सोंगाड्या नामा बत्तीशी झगडत होता. फिरत्या फडात सोंगाड्यालाच बत्त्या कराव्या लागतात. त्याने तोंडाला रंग लावलेला, अंगात अर्धे सोंग, आणि हात बत्तीच्या पंपावर. बत्ती भक्कन पिवळी पेटे, काजळी ओके आणि विझे.

"काय रं नामा," जमादार म्हणाले, "बत्तीला बी सोंग आनलंस व्हय?"

"आवं जमादार, काल बी हीच खोड. वाटीतलं इसपिरीट पेटतंय, पर नळी तापंना."

मी जवळ गेले. ज्योत निळी आणि मरगळलेली होती. ती विझली तेव्हा वाटीत काहीतरी चकाकत होते. स्पिरिट जळून गेले तर वाटी कोरडी राहते. ही ओली होती. मी बोट लावले. पाणी.

"बाटली कुठे आहे?"

नामाने ती दिली. पहिल्या दिवशी त्या बाटलीतले स्पिरिट नितळ होते. आता ते पाण्यात दुधाचा हबका मारल्यासारखे गढूळ होते. दिव्याच्या स्पिरिटात पाणी पडले की असेच होते. तरीही मी पेटी उघडली, द्रव नळकांड्यात ओतला आणि भोवरा सोडला. तो वरच तरंगत राहिला. निम्म्याहून अधिक ताकद गेली होती. बाटली मात्र काठोकाठ भरलेली होती.

मी नामाकडे पाहिले. तो माझ्याकडे न पाहता कनातीच्या पडद्याकडे पाहत होता. पडदा बाजूला करून शेवंताबाई आल्या.

"काय झालं, बाई?"

"बाटलीतले स्पिरिट कोणीतरी काढून तिच्यात पाणी भरले आहे."

"सांडलं असंल."

"सांडले तर बाटली रिकामी होते, शेवंताबाई. पाणी भरायला माणूस लागतो."

जमादारांनी कागद काढला. नियम साफ होता. परवाना त्या क्षणी गेला होता. बाहेर लोक शिट्ट्या वाजवीत होते. परंतु मला त्या वेळी परवान्याची चिंता नव्हती. चिंता होती ती अशा गोष्टीची, जी त्या कनातीत एकट्या मलाच माहीत होती. बत्तीच्या स्पिरिटात लाकडापासून काढलेला एक मद्यार्क मुद्दाम घातलेला असतो, ते कोणी पिऊ नये म्हणून. तो दिसायला, वासाला, चवीला नेहमीच्या दारूहून फारसा निराळा लागत नाही. तो पिणारा मरतो, किंवा आंधळा होतो. आणि त्याची सर्वांत वाईट खोड ही, की पहिला दिवस तो काहीच करत नाही.

"कोण प्यायले?" मी विचारले.

"आमच्यात कुनी पीत न्हाई."

"विठू कुठे आहे?"

"गावाला गेलाय. आरगला. चुलता आजारी हाय."

"मग ढोलकी कोण वाजवणार?"

"नामा वाजवंल."

"आणि सोंग?"

शेवंताबाईंचा चेहरा हलला नाही. "बाई, तुमी बाटली तपासा. मानसं तपासायचा हुकूम हाय का तुमाला?"

तो हुकूम मला नव्हता. मी कनातीच्या खांबाला टेकले. आरडाओरड केली तर ही बाई अधिकच मिटून बसेल हे कळत होते. म्हणून वर्गात सांगावे तसे सावकाश सांगितले. "ज्याने हे घेतले त्याला काल काही झाले नसेल. नेहमीसारखी चढली, उतरली, संपले. आज सकाळपासून डोके दुखत असेल. पोट ढवळत असेल. श्वास जोरात चालला असेल. मग डोळ्यांपुढे धुके येते..."

नामाने हातातली आगपेटी खाली ठेवली.

"आक्का," तो म्हणाला, "त्यो सकाळी म्हनत हुता..."

"नाम्या, गप."

"म्हनत हुता, आज लय धुकं पडलंय."

"धुकं?" जमादार म्हणाले. "ह्या मुलकात? वाटंनं येताना मेंढरांच्या सावल्या मोजाव्यात असं ऊन हुतं!"

बाहेर कोणीतरी कनातीवर दगड मारला. शेवंताबाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या अंगाला रंगाचा आणि सुपारीचा वास होता. त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमी शिकल्याल्या. खरं सांगा. त्यो प्यालाय असं म्या कबूल केलं, तर परवाना?"

"जाईल."

"म्हसवड?"

"म्हसवडही."

"आन् न्हाई म्हनलं, तर? बाटलीत पानी मिळालं, येवढंच. म्या म्हनीन नाम्यानं सांडलं, भीतीनं पानी घातलं. साहेबाच्या पाया पडीन. सुटंल कदाचित?"

हा प्रश्न तिने रडून विचारला असता तर मला सोपे गेले असते. ती हिशेब करत होती. पंधरा-वीस माणसांचा फड एका बाजूला, आणि भाऊ दुसऱ्या बाजूला. आणि भावाचे नुसते डोकेच दुखत असेल अशी थोडी आशा. मी तिच्या जागी असते तर मीही तोच हिशेब केला असता. नियमाने तिला शिकवलेच ते होते.

"सुटेल कदाचित," मी म्हणाले, "पण विठू सुटणार नाही. मिरजेला आत्ता नेला तर वाचेल. डोळ्यांचे मी सांगू शकत नाही. मला परवान्याचे खोटे वचन देता येणार नाही. माझी गाडी बाहेर आहे, तेवढी देते."

शेवंताबाईंनी डोळे मिटले. मग पदर कमरेला खोचला आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "नाम्या, पब्लिकला धर."

"एकटा? ढोलकीबिगर?"

"तुनतुनं घे. नाच, रड, काय बी कर. गाडी जाईपत्तुर कुनी इकडं फिरकाय नगं."

विठू कनातीमागे, बैलगाडीखाली, घोंगडीत होता. धापा टाकत होता. मी कंदील त्याच्या डोळ्यांजवळ नेला. बुबुळे मोठी झाली होती आणि उजेडाने आकसत नव्हती.

"कोण हाय?" तो म्हणाला. "बत्ती लावा की कुनीतरी."

जमादारांनी मान दुसरीकडे वळवली. मग एकटेच पुढे होऊन त्यांनी विठूला पोत्यासारखे खांद्यावर घेतले. कनातीच्या पुढच्या बाजूने नामाचा आवाज येत होता : "मंडळी, आज बत्ती रुसलीय, बाई रुसलीया आन् ढोलकी माहेरी गेलीय, ऱ्हायलो मी, आन् मला बी घरी कुनी घेत न्हाई!" लोक हसत होते. त्या हसण्याच्या आडोशाने आमची गाडी निघाली.

रस्ता कच्चा. विठूचे डोके शेवंताबाईंच्या मांडीवर होते. तो मधूनमधून ओकत होता, आणि अधूनमधून विचारत होता, "आक्का, गाडीला दिवं न्हाईत व्हय? ह्यो डायवर बिनदिव्याचा कसा चालवतुया?" दिव्यांच्या झोतात समोरची बाभूळ नि बाभूळ दिसत होती.

"हायत रं," शेवंताबाई म्हणाल्या. "बारीक केल्यात."

मग त्या मला म्हणाल्या, "पाल हुतं तवा त्यो तिथं पीत हुता. दोन घोट. खेळाआदी हात मोकळा व्हायला. लहानपनापासनं हाय त्याला ते. औंदा पाल न्हाई. त्यानं इचारलं, आक्का, हात उठंना, काय करू? म्या म्हनलं, बामनाच्या पोरीनं कायदा केलाय, दम खा."

पाल हटवणे चूक होते असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पण त्या दोन घोटांचे काय होईल, हा प्रश्न आमच्या बैठकांत एकदाही निघाला नव्हता, ही वस्तुस्थिती आहे.

मिरजेच्या डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला, माझ्याकडून ताकदीचा आकडा घेतला आणि मला प्रश्न न विचारता कामाला लागले. खाण्याच्या सोड्याचे पाणी दिले, आणि मग कपाटातून ब्रँडीची बाटली काढली. ती त्यांनी विठूला ठराविक वेळाने, मोजून, औषधासारखी पाजायला सुरुवात केली. शेवंताबाई पाहतच राहिल्या.

"डाक्टरसाहेब, दारूवर दारूच?"

डॉक्टर दमलेले होते, पण त्यांनी समजावले. हा उपचार नवा होता. परदेशी नियतकालिकात त्यांनी तो नुकताच वाचला होता. शरीर एका वेळी एकच काम करते. चांगली दारू समोर असली की ते वाईट दारूला हात लावत नाही, आणि वाईट दारू विष न बनता हळूहळू निघून जाते.

"म्हंजे," शेवंताबाई म्हणाल्या, "पाल असतं तर..." आणि थांबल्या. वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि मीही तिथे उभी असून पुरे केले नाही.

विठू जगला. तिसऱ्या दिवशी त्याचा श्वास नेहमीसारखा चालू लागला. डोळे मात्र परत आले नाहीत. उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो, माणूस उभा आहे की खांब हे ओळखू येत नाही, एवढ्यावर ते थांबले. आणखी काही तास आधी आणला असता तर, असे डॉक्टर म्हणाले. ते काही तास विठू कुठे होता हे मला ठाऊक होते. बैलगाडीखाली, घोंगडीत, परवाना राखत.

कर्णिकसाहेबांनी परवाना रद्द केला. त्यात त्यांची चूक काढता येणार नाही. कलम तसेच होते. मी त्यांच्यापुढे टिपण ठेवले : करमणुकीच्या ठिकाणी विषबाधा झाल्याचे जो मालक स्वतः होऊन कळवील, त्याचा परवाना त्या कारणाने रद्द करू नये; जो लपवील त्याचा मात्र करावा. साहेबांनी ते दोनदा वाचले.

"कायदा दयेवर उभा राहत नाही, बाई."

"मी दया मागत नाही, साहेब. मी नमुना मागते आहे. लपवलेला नमुना मला तपासता येत नाही."

"उद्या प्रत्येक फडमालक पिऊन पडलेले माणूस आणून उभे करील, आणि म्हणेल, मीच कळवले."

"आणू दे. ते दवाखान्यात तरी पोचेल."

साहेब रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "मसुदा वर जायच्या बेतात आहे. त्यासोबत तुमचे नाव मुंबईच्या प्रयोगशाळेसाठी पाठवणार होतो. या टिपणामुळे मसुदा परत उघडावा लागेल. वर्ष जाईल. तुमचेही."

मुंबईची प्रयोगशाळा मला किती हवी होती, हे वर लिहिले आहे. मी टिपण परत घेतले नाही. हे धैर्य नव्हते. आकडा एकदा समोर आला की तो न लिहिणे मला जमत नाही, एवढेच. स्वभावाचा दोष म्हणा हवे तर. वर्ष गेले. वर्षाअखेर ते कलम, दोन शब्द बदलून, मसुद्यात आले. साहेबांनी माझे नाव पाठवले की नाही, हे मला अद्याप कळलेले नाही.

पण कायदा मागे जाऊन लागू होत नाही. शेवंताबाईंचा त्या वर्षीचा हंगाम गेला तो गेलाच. म्हसवडला त्यांच्या जागी दुसरा फड उभा राहिला. त्यांच्या फडातले निम्मे लोक पांगले. नामा राहिला.

पुढच्या वर्षी म्हसवडच्या जत्रेत मी तपासणीला गेले. रथाची गर्दी, गुलाल, आणि मैदानाच्या कडेला कनातींची रांग. शेवंताबाईंची कनात आता सर्वांत लहान होती, आणि तिला जागोजागी ठिगळे होती. मी बाटली मागितली. नामाने दिली. भोवरा खोल गेला, जिथे जायला हवा होता तिथेच थांबला.

"बराबर हाय न्हवं?" शेवंताबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे."

जमादारांनी त्यांना नवे कलम वाचून दाखवले. सगळ्याच फडांना वाचून दाखवायचे, असा हुकूम होता. त्यांनी पान चावत, शेवटपर्यंत ऐकले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कायदा चांगला केलासा, बाई. एक साल उशीर केलासा."

"हो," मी म्हणाले.

नामाने वाटीत स्पिरिट ओतले आणि काडी लावली. निळी ज्योत नळीभोवती फिरली, वाटी कोरडी झाली, पंप मारताच जाळी पांढरी झाली आणि बत्ती सुस्कारू लागली. मागे, सतरंजीवर बसलेल्या विठूने ढोलकी मांडीवर ओढली. "नाम्या, आज पयल्या फटक्यात लागली रं," तो म्हणाला, आणि बोटांनी कातडे चाचपत त्याने तोंड बत्तीकडे वळवले. ती कोणत्या बाजूला आहे, एवढे त्याला अजून दिसते.